तिसरीच्या वर्गातला टेकू

लालबागच्या त्या शाळेत गंगाधर शिपाई होता. घंटा द्यायची आणि पाणी भरायचं, एवढंच काम ठरलेलं. पण इमारत त्याच्याहून म्हातारी आणि त्याच्याहून हट्टी. नळ गळला तर गंगाधर, कौल सरकलं तर गंगाधर, दार अडकलं तरी गंगाधरच.

तिसरीच्या वर्गावरची तुळई वाळवीने खाल्ली होती. बोट दाबलं की भुसा पडे. वर चौथीचा वर्ग. गंगाधरने जाड वासा आणला, खाली फळी घातली, वर पाचर ठोकली आणि तुळईला टेकू दिला. मग शाळेचे सेक्रेटरी जगदीशराव यांना सांगितलं, "साहेब, टेकूवर दिवस निघणार नाहीत. तुळई बदला."

"कमिटीपुढे ठेवतो."

कमिटी बसली. चहा झाला, मुंबईच्या द्वैभाषिक राज्यावरून भांडण झालं, आणि शाळेची पाटी नव्याने रंगवायचं ठरलं.

पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच तपासनीस येणार असल्याचं कळलं. जगदीशराव वर्ग बघत फिरले आणि टेकूपाशी थबकले.

"हा बांबू उद्या दिसता कामा नये."

"वासा आहे, साहेब. काढला तर वरची चौथी नापास न होताच तिसरीत येईल."

"फार बोलतोस! काढ म्हणजे काढ."

गंगाधरने घरी जाऊन भिंतीवरची शिवाजी महाराजांची तसबीर उतरवली.

"ती खंय नेतास?" बायकोने, काशीबाईने विचारलं.

"शाळेत. हयसरपेक्षा थंय गरज आसा."

सकाळी जगदीशराव आले तर टेकूला भगवं कापड गुंडाळलेलं, वर तसबीर, तसबिरीला हार, खाली फळा: 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' ओरडायला उगारलेला हात त्यांनी तसाच जोडला. त्या दिवसांत लालबागेत त्या खांबाला हात लावणारा धड घरी पोचला नसता. तपासनीसानेही चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि वर न बघता पुढे गेला.

गंगाधर खूश झाला. तिथेच चुकला.

गल्लीतली मंडळी उदबत्ती लावायला येऊ लागली. नारळ फुटू लागले, तेही टेकूच्या बुडाशी आपटून. शिवजयंतीला वर चौथीत लेझीम झालं. दर ठेक्याला खाली भुसा. तिसरीच्या मीराबाई छत्री उघडून पाढे शिकवू लागल्या.

गंगाधर पुन्हा जगदीशरावांकडे गेला. "साहेब, पाचर सैल होतेय. तुळई बदला."

"बदलू की! पण मग खांब काढावा लागेल. म्हणजे महाराजांना हलवायचं?" जगदीशरावांनी कानांना हात लावले. "कमिटीने ठरवलंय, त्या जागेला धक्का लावायचा नाही."

टाळायला आयतं कारण मिळालं होतं, आणि ते गंगाधरनेच हातात दिलं होतं.

"तुमीच थंय देव बसवल्यात," काशीबाई म्हणाली. "आता तेका उठवतलो कोण?"

"उठवूचो नाय. बऱ्या जाग्यार बसवूचो."

रविवारी त्याने गल्लीतल्या मंडळींना गाठलं. "महाराज पोरांच्या दप्तरांत उभे. बरं दिसतं? त्यांची जागा ऑफिसात, सेक्रेटरींच्या खुर्चीच्या वर, भिंतीला."

मंडळींना पटलं. जगदीशरावांना घरून बोलावून आणलं. ढोलताशात, गुलालात तसबीर निघाली. भगवं कापडही उतरलं आणि उघडा वासा तेवढा उरला. रामू नावाच्या गिरणीतल्या सुताराने मान वर केली.

"गंगाधरा, ही तुळई हाय का चाळण? खाली पोरं बसत्यात न्हवं?"

ढोल थांबला. गंगाधरने फक्त जगदीशरावांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"अहो, बदलायचीच आहे!" जगदीशराव घाम पुसत म्हणाले. "कधीचं ठरलंय. हा गंगाधरच आळस करतोय."

"खरं आहे, साहेब," गंगाधर म्हणाला. "आळस झाला. लाकूड उद्या येईल ना?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? लाकूड आलं. रामूने आणि गंगाधरने दोरांनी ओढून, खांदे सोलून घेऊन नवी तुळई बसवली आणि टेकू काढला.

शाळा भरायच्या आधी गंगाधरने चौथीच्या सगळ्या मुलांना वर पाठवलं. "मारा रे उड्या! जोरात!" असं जिन्यातून ओरडला आणि स्वतः रिकाम्या तिसरीत, तुळईखाली, मान वर करून उभा राहिला.