तीनवरचा खटका

वडील नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते आणि देवापेक्षा त्यांची बढतीवर श्रद्धा जास्त. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी तीन गिअरची जुनी विलायती सायकल घेतली. हँडलवर गिअरचा खटका होता आणि त्याच्याजवळ एक, दोन, तीन असे आकडे. वडिलांनी पहिल्याच दिवशी खटका तीनवर सरकवला आणि परत त्याला हात लावला नाही. एकदा वर चढलेला माणूस खाली येतो तो फक्त चौकशी लागली तरच, असं त्यांचं मत.

सीताबर्डीकडे जाताना रेल्वेच्या पुलाचा चढ लागायचा. तिथे त्यांची छाती भात्यासारखी चालायची. मे महिन्यात तर ते अर्ध्यातच उतरून सायकल ढकलत न्यायचे, खटका मात्र तीनवरच. एकावर टाकली की पाय जास्त फिरतात पण जोर कमी लागतो, हे मी त्यांना चिडून चिडून सांगितलं.

"एवढे पाय चालवून एवढुसंच पुढं जायचं, तं साहेबाची सायकल घेतली काहून?"

भाजी आणायला सायकल माझ्याकडे यायची. पूल मी एकावर शीळ घालत चढायचो आणि घरी शिरण्याआधी खटका मुकाट्याने तीनवर आणून ठेवायचो.

ते रिटायर झाले त्याच आठवड्यात मला पुलावर दिसले. आरामात पाय फिरवत चढत होते. मी खटक्याकडे पाहिलं. एकावर होता.

"आता कोण पाहून राहिलं?" ते म्हणाले.