लॉरी टनेलपाशी पोचलीय

आमच्या घराण्यात थापा मारणारे पुष्कळ होऊन गेले. माझ्या एका काकांनी सिंहगडावरून हाक मारून पुण्यात काकूला चहा टाकायला सांगितला होता, आणि खाली येईपर्यंत तो निवला म्हणून वर भांडणही काढलं होतं. अशा रक्ताचा मी, त्यामुळे जाणकारीनं सांगतो: कार्डिफला, गोदीजवळच्या एका लॉरी कंपनीच्या ट्रॅफिक ऑफिसात ज्या बाई बसायच्या, त्यांच्या पायाशी बसून आमच्या अख्ख्या खानदानानं धडे घ्यावेत. आणि त्यांचं खोटं कायमचं बंद पाडायला कंपनीनं आणलेला माणूस म्हणजे मीच.

मोबाइलला अजून बटणं होती, ती वर्षं. मी वर्क परमिटवर आलेलो, बायको लंडनमध्ये पिनरच्या भाड्याच्या घरात आणि मी सोमवार ते शुक्रवार कार्डिफला. काम असं की कंपनीच्या ऑर्डरी एकीकडे, गाड्यांचं प्लॅनिंग भिंतीवरच्या फळ्यावर आणि बिलं तिसऱ्याच कॉम्प्युटरवर, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आणायचं. प्रत्येक लॉरीत ती कुठे आहे ते कळवणारी एक डबी बसवायची. मग ग्राहकाला आपल्या टेबलावर बसून नकाशावर दिसणार की आपला माल नेमका कुठे आलाय.

तिथला पाऊस आडवा पडतो. आभाळ इतकं खाली की लॉऱ्यांच्या टपांना घासून जायचं, आणि ड्रायव्हर सकाळी टप पुसायचे तेव्हा फडक्याला ढग लागायचा. कमी करून सांगतोय.

ट्रॅफिक ऑफिस म्हणजे जिथून लॉऱ्या हलवतात ती खोली. बाई तिथे मालकाच्या वडिलांच्या काळापासून होत्या. साठीला टेकलेल्या, आवाज मात्र पंचविशीतला. समोर दोन फोन. दिवसभर त्यावर एकच प्रश्न यायचा: माझी लॉरी कुठे आहे? बाई तिसऱ्या रिंगला फोन उचलायच्या. "पहिल्या रिंगला उचलला की लोकांना कळतं, हिला दुसरं काम नाही," असं त्यांचं शास्त्र. आणि बोलणं संपवायच्या तेही ठरलेलं: "ठेवते हं लव्ह, दुसरी लाइन वाजतेय." 'लव्ह' तिथे कुणालाही म्हणतात; आणि दुसरी लाइन बहुतेक वेळा वाजत नसायची.

माझ्या पहिल्याच आठवड्यात कारमार्दनच्या लाकूडवाल्याचा फोन आला. त्याची लॉरी आमच्या अंगणातच उभी होती आणि तिचा ड्रायव्हर खिडकीबाहेर बेकन रोल खात होता. बाई त्याच्याकडे बघत फोनमध्ये म्हणाल्या, "अहो, कधीच निघाली! न्यूपोर्टच्या टनेलपाशी पोचलीय. पुढे घोड्यांचा ट्रेलर आहे ना, त्यातला एक पांढरा घोडा सारखं शेपूट बाहेर काढतोय, म्हणून सगळे हळू चाललेत." पलीकडून हसल्याचा आवाज आला. लाकूडवाला दुपारपर्यंत थांबला.

"न्यूपोर्ट उलट्या दिशेला आहे," मी म्हणालो.

"ती लोड घेऊन ब्रिस्टलहून येतेय, असं त्याला सकाळी सांगितलंय मी." बाईंनी चहाचा घोट घेतला. "ऐक. मोठं कारण कधी देऊ नकोस. अपघात, पूर, असलं काही सांगितलं की लोक रेडिओ लावून तपासतात. छोटी गोष्ट दे, कशालाच उपयोग नसलेली. पांढरा घोडा कोण कशाला खोटा सांगेल?"

मी ते शास्त्र शुक्रवारीच वापरून पाहिलं. बायकोचा फोन आला, कुठे आहेस म्हणून. "गाडीत आहे, रीडिंग स्टेशन गेलं," मी म्हणालो, "समोर एक बाई मांजर मांडीवर घेऊन बसलीय."

"मांजर?" बायको म्हणाली. "म्हणजे तू अजून कार्डिफातच आहेस."

तेव्हाच लक्षात आलं, ओळखणाऱ्याला घोडाच सगळं सांगून टाकतो.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं, एका सुपरमार्केटनं, बजावलं होतं की नकाशा नाही तर काम नाही. तो मला एकदा म्हणाला, "लोकांना स्वतःलाच दिसायला लागलं की फोन वाजणार नाहीत. आणि फोन वाजले नाहीत की..." पुढचं त्यानं बाईंच्या खुर्चीकडे बघून गिळलं. बाईंना ते न सांगता माहीत होतं. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "घरी पण फोन आहे रे माझ्याकडे. एकच लाइन. नवरा गेल्यापासून वाजला तर राँग नंबर." आणि माझ्या डब्यातली एक पुरणपोळी उचलून, हा गोड ब्रेड उद्या पण आण, म्हणाल्या.

सिस्टीम चालू झाली तो सोमवार होता. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. लाकूडवालाच होता. बाईंनी सवयीनं सुरुवात केली, "टनेलपाशी पोचलीय, लव्ह, पुढे एका कॅरव्हॅनच्या खिडकीत..." आणि थांबल्या. पलीकडचं मला ऐकू येत होतं; तो अगदी शांत बोलत होता. "तुमची लॉरी तुमच्याच अंगणात आहे," तो म्हणाला. "मला दिसतेय. सकाळपासून दिसतेय." मग थोड्या वेळानं, "घोडा पण नव्हता का?"

बाईंनी फोन असा खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवतात. दुसरी लाइन वाजतेय हे सांगायचंसुद्धा विसरल्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला: स्क्रीनवर दिसेल तेच वाचून दाखवायचं. बाई ते इतक्या इमानानं वाचायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी गेलंय. "लॉरी सात. स्वॉन्झीच्या अलीकडे. उशीर." लोक "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. महिनाभरात एका फोनवर धूळ बसायला लागली. ती बाई रोज पुसायच्या.

मी घराण्याला जागलो. सॉफ्टवेअरमध्ये उशिराच्या समोर कारण लिहायला एक मोकळी चौकट होती, ती मी गुपचूप उघडली आणि बाईंना म्हणालो, "इथे लिहा. नकाशा बघणाऱ्याला हे पण दिसेल. फक्त लॉरी जिथे आहे तिथेच राहू दे, बाकी सगळं तुमचं."

बाईंनी दोन बोटांनी टाइप केलं: 'पुलावर वारा. ड्रायव्हर ठीक आहे. टोपी समुद्रात गेली, बायकोनं विणलेली होती, घरी काय सांगावं या विचारात गाडी सावकाश चालवतोय.'

अर्ध्या तासात फोन वाजला. कुणीतरी त्या टोपीचा रंग विचारत होतं.

ते दिवस, काय सांगू! फोन परत तिसऱ्या रिंगला उचलले जायला लागले. लाकूडवाल्यानं विचारलं, आज मेंढ्या रस्त्यावर नाहीत का? ड्रायव्हर स्वतःच्या उशिराची कारणं वाचायला रांग लावायचे. पेंब्रोकच्या कुणा शेतकऱ्यानं निव्वळ कारण वाचायला मिळावं म्हणून माल उशिरा मागवला, असं मी सगळीकडे सांगत असे. बाईंच्या गालावर रंग आला होता, आणि तो खरा होता.

मग सुपरमार्केटकडून निरोप आला. त्यांचा कॉम्प्युटर आमची कारणं आपोआप वाचायचा आणि टोपीवर अडकला होता. ठरलेल्या कारणांपैकीच एक हवं, नाहीतर त्यांच्याकडून माल स्वीकारला जाणार नाही. मालकानं मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही. "तूच उघडलीस, तूच बंद कर," एवढंच म्हणाला.

मी चौकट बंद केली आणि तिथे निवडायला सहा कारणं ठेवली. वाहतूक. हवामान. बिघाड. असली. बाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

"शेवटचं काय आहे?"

"इतर."

"म्हणजे मी," त्या म्हणाल्या आणि चहाचा मग धुवायला गेल्या.

त्यांना काढलं नाही, त्यांची जागा काढली. इंग्रजांच्या देशात हा फरक फार मानतात. निरोपाला केक होता, त्यावर साखरेची लॉरी होती. ती कुणी कापली नाही. बाहेर आभाळ टेकलंच होतं. बाईंनी दोन्ही फोन शेवटचे पुसले आणि माझ्याकडून नंबर घेतला नाही, स्वतःचा घरचा मात्र दिला.

मी पुढे दुसऱ्या गावी दुसऱ्या कंपनीत लागलो. पिनरच्या घरून एका शनिवारी, भर दुपारी, बाईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"अरे तू! मी मजेत आहे, लव्ह. गार्डन सेंटरला लागलेय. शनिवारी तर मरायला फुरसत नसते. मालकिणीकडे तीन पायांचा कुत्रा आहे, कुंड्यांना वळसा घालून चालतो."

त्यांच्या मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बाकी काही नाही.

"वा," मी म्हणालो. "मी परवाच तुमच्या जुन्या ऑफिसात जाऊन आलो. सगळे तुमचीच आठवण काढतात. लाकूडवाल्याचा फोन आला होता, म्हणाला, नकाशा नको, त्या बाई द्या. त्याच्या मागे पोपट ओरडत होता."

"पोपट?"

"हिरवा. एका डोळ्यानं अधू."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिनं पोपट ऐकला होता.

"पोपट चांगला आहे," बाई म्हणाल्या. "चांगला जमलाय." त्यांचा आवाज जरा फाटला, आणि त्यांनी तो लगेच सावरला. "ठेवते हं लव्ह. दुसरी लाइन वाजतेय."