स्टांकोचा अंगठा

ऑर्विल स्टांको शनिवारी उठला तोच दमलेला. आताशा रात्रभर झोपूनही त्याचा शीण काही जात नसे. पलंगाच्या कडेला बसून त्याने उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला आणि वाकवून पाहिला. अर्धा वाकला आणि थांबला. "आजचा दिवस काढ रे बाबा," तो अंगठ्याला म्हणाला. एकट्या माणसाने बोलायचं तरी कुणाशी? बायको ग्लेना केव्हाच गेली, मुलगी ॲरिझोनात, आणि ज्या पोलादाच्या कारखान्यात उभा जन्म गेला त्याच्या जागी आता नुसतं गवत माजलंय.

उरला होता तो टेकडीखालचा रायफल क्लब. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या त्या आडगावी शनिवारी माणसं दोनच ठिकाणी सापडतात, एक तिथे आणि दुसरं बारमध्ये. ऑर्विलने दारू सोडली होती, त्यामुळे एकच.

त्याची रायफल जुनी गॅरंड, लाकडी दस्त्याची, लष्कराने मोडीत काढलेली. गोळी सुटली की पुढची ती आपणच भरून घेते. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी डोकेदुखी तिथेच! अशा बंदुकीच्या पोटात इतके भाग पुढेमागे धावत असतात, की एखादा जरी रुसला तरी सगळं ठप्प. आणि स्पर्धेतली जलद फेरी म्हणजे घड्याळ थांबत नाही. बंदूक अडली की राहिलेल्या गोळ्या गेल्याच म्हणायच्या.

म्हणून नियमात एक सवलत आहे. बंदूक अडली तर तिला हात न लावता, पालथं पडल्या जागीच हात वर करायचा. नेमबाज जिथे ओळीने पडून नेम धरतात त्या लाइनवरची अधिकारी येऊन बघते. दोष बंदुकीचा असेल तर फेरी पुन्हा मिळते, नेमबाजाचा असेल तर रामराम. या सवलतीला क्लबात 'अलिबी' म्हणतात. सगळ्यांनी कधी ना कधी ती घेतली होती. ऑर्विलने जन्मात नाही. घासणाऱ्या प्रत्येक जागी तो ग्रीस लावायचा, तेल कधीच नाही. तेल उन्हात ओघळतं आणि पावसात धुऊन जातं. गोळ्या एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा एकेक करून उजेडात धरायचा, जरा वाकडी दिसली की फेकून द्यायचा. ग्लेना म्हणायची, "माझी तब्येत एवढी विचारली असतीस तर!" आणि दुसऱ्या कुणाचा हात वर झाला की हा आपल्या जागेवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" भारी जिभेचा माणूस. पण त्याची बंदूक खरंच कधी अडत नसे, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

आता त्याला भीती होती ती चिमट्याची. ज्याला स्वतःची बंदूक भरता येत नाही त्याने लाइनवर नेम धरायला आडवं व्हायचं नाही, असा क्लबाचा नियम. अशा म्हाताऱ्याला कुणी घरी जा म्हणत नाही. क्लबातली डोरीन हळूच त्याच्या हातात चिमटा देते आणि शेडमधल्या शेगडीवर सॉसेज भाजायला उभं करते. गेल्या वर्षी वॉल्ट पेचकाला दिला. वॉल्ट हसून म्हणाला होता, "बरं झालं, निदान पोट भरेल." त्यानंतर तो लाइनकडे पाठ करूनच उभा राहायचा. ऑर्विलला ते बघवत नसे.

ही डोरीनच लाइनची अधिकारी. शाळेतल्या मुलांची बस चालवायची, त्यामुळे आवाज खणखणीत. नेमबाजी तिला ऑर्विलनेच शिकवली होती.

त्या दिवशी संथ फेरी बरी गेली. मग जलद फेरी आली. आधी भरलेल्या दोन गोळ्या झाडायच्या, मग आठ गोळ्यांची क्लिप अंगठ्याने वरून खाली दाबून बसवायची, तीही पालथं पडल्या पडल्या. दोन गोळ्या सुटल्या. रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडाली. ऑर्विलने दुसरी ठेवली आणि दाबली. अंगठा मधेच लटपटला. तिला धरून ठेवणाऱ्या आतल्या खटक्यात अडकण्याआधीच क्लिप वर आली. त्याने परत दाबली, दात आवळून. परत वर. डावीउजवीकडे धडाधड गोळ्या सुटत होत्या, आणि त्याच्या हातात तो तेवढासा पत्रा जड झाला होता.

मग ऑर्विल स्टांकोने हात वर केला.

डोरीन आली आणि गुडघ्यावर बसली. "काय झालं?"

"खटका," तो म्हणाला. तिच्याकडे त्याने बघितलं नाही. "क्लिप धरत नाहीये. झिजला असेल."

डोरीनने वर आलेली क्लिप बघितली. त्याचा अंगठा बघितला. तिला काय कळायचं ते कळलंच असणार. आंधळी थोडीच होती! पण तिने तोंड वळवून हाक दिली, "बंदुकीचा दोष! अलिबी!"

अख्खी लाइन मान वळवून बघायला लागली. बातमी शेडपर्यंत त्याच्याआधी पोचली. स्टांकोची गॅरंड अडली!

"अरेरे, म्हातारबा!" ट्रॅव्हिस ओरडला. हा पोरगेला बाप्या काळी नवी रायफल वापरायचा आणि ऑर्विलची बोलणी त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त आली होती. "अंगण वाकडं झालं वाटतं आज?"

सगळे हसले. ऑर्विलनेही हसल्यासारखं केलं. त्याला फक्त कुठेतरी बसायचं होतं.

"टाका आता ते लोखंड," दुसरा म्हणाला. "नाहीतरी भिंतीवर छान दिसेल."

"किती वर्षं छळायचं बिचारीला? थकली ती," वॉल्ट शेगडीपासून म्हणाला. तो आपला मायेनेच म्हणाला, पण ऑर्विलला तेच सर्वांत जास्त लागलं. थकली ती! ती थकली?

तेवढ्यात ट्रॅव्हिस हत्यारांची पेटी घेऊन आला. चेष्टा करायचा, पण मनाचा चांगला. नियमाप्रमाणे दोषी ठरलेली बंदूक दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा लाइनवर नेता येत नाही. "माझ्याकडे खटका आहे जुन्यातला. आणा इकडे, दोन मिनिटांत हा काढून फेकतो."

त्याने गॅरंड टेबलावर आडवी घातली आणि पिन ठोकायला हातोडी उचलली. खटक्याच्या कडा जिथल्या तिथे, कोऱ्या. ऑर्विलनेच कालच कापडाने पुसल्या होत्या. गप्प बसला असता तर दुसरा खटका बसला असता, फेरी परत मिळाली असती, एखाद्या वेळी अंगठाही चालला असता. लाइनवरची जागा राहिली असती आणि उरलेलं आयुष्य सगळ्यांनी म्हटलं असतं, बंदूक जुनी झाली होती हो.

"हात लावू नकोस तिला!"

ट्रॅव्हिसची हातोडी हवेतच राहिली.

"खटक्याला काही झालेलं नाही," ऑर्विल म्हणाला. "खोटं बोललो मी. ती अडली नाही. ती कधीच अडली नाही. अंगठ्यात जोर राहिला नाही माझ्या. अलिबी खोडून टाक, डोरीन."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. ट्रॅव्हिसने हातोडी पेटीत ठेवली आणि उगाचच पेटी आवरत बसला.

"मी बघितलं होतं," डोरीन हळू म्हणाली.

"मग ओरडलीस कशाला?"

"तुम्ही हात वर केलात म्हणून. कधी केला नव्हतात."

ऑर्विल टेबलापाशी बसला. त्याला फार वाईट वाटत होतं आणि फार हलकंही वाटत होतं, आणि या दोन्हींपेक्षा जास्त झोप येत होती. मग त्याने बंदूक तिच्यापुढे सरकवली. "शेवटच्या तुकडीत तू नेम धरणार ना? हिनेच धर. माझ्याच क्लिपा घे. या टोळक्याला बघू दे."

वॉल्टने चिमटा पुढे केला. ऑर्विलने तो डाव्या हातात घेतला.

शेवटची तुकडी लाइनवर आडवी झाली तेव्हा लोकांना भूक लागली होती. सगळे शेगडीभोवती, लाइनकडे कुणाचंच लक्ष नाही. मोहरीची चटणी कुठाय, पाव संपले का, एवढंच चाललेलं. ऑर्विल मात्र कान देऊन होता. दोन गोळ्या, टिंग. मग गॅरंडचा तो ओळखीचा जाडा आवाज, एकामागून एक, कुठे अडखळणं नाही, आणि शेवटी पुन्हा टिंग.

"ऐकलंत?" तो म्हणाला.

"काय?" ट्रॅव्हिसने विचारलं. त्याचं तोंड भरलेलं होतं.

"काही नाही. अजून एक घेतोस?"

डोरीन बंदूक खांद्याला अडकवून आली. "अडली नाही."

"ती कशाला अडेल!"

तिने बंदूक त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

"घरी ने. ग्रीस लाव, आणि तेलाची बाटली जवळपाससुद्धा ठेवू नकोस."

"अहो, तुमची आहे ती. तुम्हीच न्या ना घरी."

"घरी नेऊन काय करू?" ऑर्विल म्हणाला. "तिच्याकडे बघत बसू?"

आणि करपायला लागलेले सॉसेज त्याने डाव्या हाताने एकेक करून उलटले.