काकूच्या चापाचा अर्ज

माझा काका लेथवर काम करणारा. वर्कशॉप म्हणजे दहा बाय बाराची खोली. काकू शिवणकाम करायची. अर्धांगाच्या झटक्यात तिचा डावा हात गेला, तेव्हा काकाने तिच्या मशीनला एक चाप बसवला. गुडघ्याने दाबला की कापड पकडून ठेवायचा. "बोटभर अलीकडे घ्या हो!" असं करत काकूने तो अकरा वेळा बदलायला लावला आणि एका हाताने पुन्हा फ्रॉक शिवायला लागली.

चापाचं पेटंट मिळावं, त्यावर काकूचं नाव पहिलं असावं, एवढाच काकाचा ध्यास. पण फी ऐकून तो चार वर्षं गप्प बसला. दरम्यान तसेच चाप करून शिंप्यांना देत राहिला. नवी वस्तू दहा जणांनी वापरून नावं ठेवल्याशिवाय पक्की झाली असं लेथवाले मानतच नाहीत.

मग लहान धंद्यांसाठी फी एकदम उतरली. काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे आला. "लिही पोरी, आता आपल्याला झेपेल."

काकूला तर हुरूपच चढला. नोकरीच्या अर्जाला दाखले लागतात, मग याला नकोत? भिंती धरत धरत चौदा शिंप्यांकडे जाऊन तिने पत्रं आणली. 'तीन वर्षं हाच चाप वापरतो, उत्तम आहे.' वर तारखा! आणि मी शहाणी, सगळी अर्जाला जोडली.

उत्तर आलं, अर्ज नामंजूर. चाप आधीपासून लोकांच्या वापरात आहे, जोडलेली पत्रंच तसं सांगतात, त्यामुळे तो नवा म्हणता येत नाही. अरे, हीच फी चार वर्षांपूर्वी उतरवली असती, तर चाप शिंप्यांच्या आधी कचेरीत नसता का गेला?

काकाने कागद तीनदा वाचला. "पत्रांचं तिला कळता कामा नये," एवढंच म्हणाला. घरी जाऊन तिला सांगितलं, "मी फीकडे बघत बसलो गं. उशीर झाला."

तेव्हापासून घरी कोणीही येवो, काकू सुरू होते. "माझं नाव लागणार होतं हो! पण या चिक्कू माणसाचा हात खिशातून निघेल तर शपथ!" लोक हसतात.

"खरं आहे तिचं," काका म्हणतो आणि सगळ्यांना चहा देतो. मला ते ऐकवत नाही. मी उठून आत जाते.