उघड्यावरचा बेदाणा आणि नेटवरचा फोटो

मंडळी, गेल्या आठवड्यात मी स्वतःची वेबसाइट केली. आमच्या बेदाण्याच्या शेडचा मी काढलेला फोटो अंधारा आला होता, म्हणून नेटवरून एक छान फोटो उचलला.

आज दुपारी तासगावजवळच्या एका अनोळखी शेतकऱ्यांचा फोन आला. "आवं, त्यो फोटो माझ्या बहिणीनं काढलाय. शेड आमची हाय."

"नेटवर उघडाच होता," मी म्हणालो.

"आमचा बेदाणा बी शेडवर उघडाच असतोय. पिशवी भरून न्याल व्हय?"

मी माफी मागून फोटो लगेच हटवला.

"इचारलं असतं तर दिला असता की," ते म्हणाले.

आता माझा अंधारा फोटोच लावलाय. तुमच्या पेजवरचे फोटो तुम्ही कुणाला विचारून लावलेत?