नडगीवरचा खड्डा

आईच्या पायाला तेल लावत होते. नडगीवरून अंगठा उचलला, तर तिथे खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहावा तसा. तो भरून यायला फार वेळ लागला.

"ही सूज कधीपासून आहे गं?"

"उभं राहून येते. सकाळी उतरते," आई म्हणाली.

सकाळी उतरली नव्हती. डॉक्टरांनीही तसाच अंगठा दाबून पाहिला. म्हणाले, कातडीखाली एक मऊ जाळं असतं. ते नेहमीच थोडं पाणी धरून ठेवतं. पण हृदय किंवा मूत्रपिंड थकलं, की पाणी तिथे साठत जातं. रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता.

दिवसभर मला काही सुचेना. स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा लगेच भरला, आणि मला उगाच अपराधी वाटलं. ज्या ओलाव्यावर शरीर चालतं, तोच असा मुकाट्याने वाढत जावा, आणि रोज शेजारी बसून जेवणाऱ्या मला त्याचा पत्ताही नसावा?

संध्याकाळी दोघी निघालो. आईने कपाटामागून चपला काढल्या. नव्या होत्या, नेहमीपेक्षा एक नंबर मोठ्या.

"या कधी घेतल्यास?"

"झाले दोनेक महिने. जुन्या चावायला लागल्या होत्या. तुला कशाला घोर लावायचा, म्हणून बोलले नाही."

मी खाली बसून तिच्या पायांत त्या घालू लागले. त्याही आता घट्ट होत होत्या.