पायगुणाचा तपास

"पोरगी चांगली हाय रे, पन लग्न झाल्यापासून निल्यानं एक रन काढला न्हाय. पायगुन, दुसरं काय!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बाहेर ओटीवर बाळादादा बोलत होते आणि मी आत सात कप चहा गाळत होते. बाळादादा म्हणजे निलेशचे चुलतभाऊ आणि गावच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन. निलेश म्हणजे माझा नवरा. लग्नाला तेवीस दिवस झाले होते. तो बिस्किटं आणायला दुकानात गेला होता, म्हणूनच तर विषय निघाला.

"हळू बोल, वैनी आत हाय," विकेटकीपर पप्या म्हणाला.

"ती कुटं काय बोलते? तीन आठवड्यांत मी तिचा आवाज ऐकला न्हाय."

मग ठराव झाला. तीन रविवार, तीन मॅच, तीन अंडी. लीगची शेवटची मॅच नारपोलीशी होती. जिंकलो तर सेमीफायनल. "तवर बगू," बाळादादा म्हणाले. "तिथं पन अंडं टाकलं तर याला बसवायचा. भाऊ असला तरी!"

मी चहा घेऊन बाहेर गेले. सातही जणांनी चहाची इतकी तारीफ केली की त्यात साखरच नाही, हे सांगायचं कोणाला सुचलं नाही!

न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याच्यासमोर भिंतीसमोर बोलावं तसं बोलतात. त्यामुळे एका सीझनमध्ये माझ्याकडे किश्श्यांचा एवढा साठा झाला की आमच्याकडच्या गोडाऊनांनी भरलेल्या पूर्णा गावात एखादं भाड्यानं घ्यावं लागेल. राग आला का? आला, थोडा. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. पायगुण नेमका चालतो कसा? किती पावलांवरून लागतो? समोर बसावं लागतं, की घरबसल्याही होतं? विज्ञान शाखेची पदवी आहे माझी. म्हटलं, तपास करू.

*

मॅच बघायला जाऊ का, असं सासूबाईंना विचारलं. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पायगुनाचं ऐकलंस ना?"

मी शेजारी बसून एक शेंग उचलली.

"मी लग्न होऊन आले तवा तुझे सासरे गावच्या नाटकात काम करायचे. एका वर्षी स्टेजवर वाक्य विसरले. सगळ्या गावानं वळून माझ्याकडं बगितलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? पुढच्या वर्षी त्यांचा पार्ट मीच पाठ केला. जा तू. टोपी घालून जा, ऊन हाय."

*

आमचं मैदान म्हणजे दोन गोडाऊनच्या मधली उरलेली जागा. ऑफला पत्र्याची शेड. बॉल पत्र्यावर गेला तर बॅट्समन आउट, कारण वॉचमन बॉल परत देत नाही. लेगला उभ्या ट्रकांची रांग, तीच बाउंड्री. ट्रकला लागला तर चार, ट्रकवरून गेला तर सहा.

मी गेले त्या रविवारी पप्यानं बॉल उंच उडवला. तो कापडाच्या गाठी भरलेल्या एका उघड्या ट्रकमध्ये पडला आणि त्याच क्षणी ट्रक सुरू झाला! लागला म्हणावं तर चार, वरून गेला म्हणावं तर सहा. पण बॉल बाउंड्रीत बसून बाउंड्रीसकट निघून गेला तर काय, हे नियमात नव्हतं.

दोन्ही अंपायर भांडायला लागले. पप्याला कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून तो पळतच राहिला. अकरा रन झाले. बाळादादा ट्रकमागे गेटपर्यंत धावले. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, गाठींवर चढून बॉल शोधला आणि त्यांच्या हातात दिला.

"लो भाई. बिना कागज, बिना बिल्टी का माल मैं नहीं ले जाता!"

निलेश? निलेश शून्यावर आउट. मी साधारण साठ पावलांवर बसले होते. नोंद केली.

*

पुढच्या रविवारी मी मुद्दाम घरी राहिले. प्रयोगात एक गोष्ट बदलून पाहायची असते.

निलेश दुसऱ्याच बॉलला आउट. संध्याकाळी सगळे पुन्हा ओटीवर. मी आत.

"आज तर वैनी आलीच न्हवती," कोणीतरी माझ्या बाजूनं बोललं.

"त्यानं काय व्हतंय? मॅच मोबाइलवर लाइव्ह व्हती," पप्या म्हणाला. "घरून बगितली आसल!"

आता खोटं कशाला सांगू? बघितली होती.

*

मग माझ्या लक्षात आलं की पायगुण फक्त सुनांना नसतो. या टीममध्ये तो प्रत्येकाला आहे, फक्त माझी नोंद झाली होती.

बाळादादांचा एक नियम आहे. जोडी जमली की बाहेरच्यांनी जागचं हलायचं नाही. जो जसा असेल तसा. एकदा जोडी जमली तेव्हा पप्या वाकून बुटाची लेस बांधत होता.

"पप्या, हालू नको!"

दोन ओव्हर तो तसाच, वाकलेला. एकजण त्याच्या तोंडासमोर पाण्याची बाटली धरत होता. शेवटी विकेट पडली आणि नेमकी पप्याचीच बॅटिंग आली. पण पाठ सरळ होईना! तसाच काटकोनात चालत पिचवर गेला. समोरचा बॉलर रनअप घेता घेता थांबला.

"ये स्टान्स तो टीव्ही पे भी नहीं देखा, यार!"

पप्यानं पहिल्याच बॉलला सिक्स मारली. पुढच्या रविवारी आमचे तीन बॅट्समन वाकून खेळले.

*

निलेशचा एक किस्सा मात्र सांगायलाच हवा, म्हणजे माणूस कळेल.

लीगमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघे अंपायर उभे राहतात. अशाच एका मॅचला निलेश अंपायर असताना बाळादादा रनआउट झाले. चांगले वीतभर बाहेर होते. सगळ्यांनी निलेशकडे पाहिलं. त्याची मान खाली, बोट वर.

"सॉरी दादा."

"सॉरी काय? बोट खाली घे!"

"सॉरी मागं घेतो दादा. बोट न्हाय."

बाळादादा तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. निलेश तीन दिवस रोज त्यांच्या घरी जाऊन बसायचा, मुकाट्यानं चहा पिऊन परत यायचा. कोणाचं मन दुखलं की याला जेवण जात नाही. खरं बोलायचं आणि वर माफीही मागायची, असा हा माणूस. फक्त एका बाबतीत तो खोटं बोलत होता, आणि ते मला बुधवारी कळलं.

*

बुधवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात निलेश भिंतीवर बॉल मारत होता. एक फटका असा बसला की बॉल पाण्याच्या टाकीवरून शेजारच्या आवारात! हा माणूस रविवारी शून्यावर आउट होतो?

वाकून पाहिलं. हातात जुनी बॅट होती. दांड्याला काळी टेप, कडेला टवका उडालेला. रविवारी तो नेतो ती वेगळी. ती लग्नात माझ्या बाबांनी दिलेली.

बाबा दिघाशीला शिक्षक होते. आयुष्यात कधी बॅट धरली नाही. पण जावई खेळतो म्हणून ठाण्याला जाऊन दुकानातली सगळ्यात चांगली बॅट मागितली आणि टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आले. निलेश आत गेल्यावर मी खाली येऊन दोन्ही बॅटी उचलून पाहिल्या. जुनी एका हातानं उचलली. बाबांची उचलायला पदर खोचावा लागला.

पप्या बॉल शोधायला आला होता. त्याला विचारलं.

"वैनी, ही लेदर बॉलची बॅट हाय. आपला टेनिस बॉल. ही खालून वर येईपर्यंत बॉल कीपरकडं जाऊन चहा पिऊन येतो!"

"मग त्यांना कोणी सांगत का नाही?"

पप्या खजील झाला. "सासऱ्यानं दिलेली बॅट. कोन बोलनार?"

म्हणजे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं! सासऱ्यांच्या बॅटबद्दल बोलणं बरं दिसत नाही, सुनेच्या पायाबद्दल चालतं.

मी त्या दिवशी निलेशला विचारलं, "नवी बॅट जड जाते का?"

"छे! मस्त आहे."

"जुनी घेऊन खेळलात तरी मला वाईट वाटणार नाही."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेतला फसवा प्रश्न विचारलाय. "नाही नाही, हीच बेस्ट आहे," तो म्हणाला आणि सासूबाईंकडून मनगटाला तेल चोळून घ्यायला गेला.

दर रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. "जावईबापू, बॅट कशी चालतेय?"

"एक नंबर, बाबा!"

मीसुद्धा शेजारी बसून गप्पच. बाबा ती बॅट मांडीवर घेऊन आले होते, हे मला विसरता येत नव्हतं.

*

आणि मग नारपोलीची मॅच.

बाबा स्वतः बघायला आले! दिघाशीहून, इस्त्रीचा शर्ट घालून. आमच्या मॅचची कॉमेंटरी करणारे जगनकाका पाहुणा दिसला की सोडत नाहीत. त्यांनी बाबांना मांडवात नेलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइकवरून जाहीर केलं, "आज आपल्यात उपस्थित हायेत निलेशचे सासरे, ज्यांनी ती बॅट दिली!" टाळ्या पडल्या. बाळादादांनी पण दोन वाजवल्या.

मी बाबांच्या शेजारी बसले.

नारपोलीची टीम म्हणजे पॉवरलूमवाली पोरं. कॅप्टन अन्सारभाईंचे स्वतःचे लूम. "चार बजे से मेरी आधी टीम की शिफ्ट है," त्यांनी टॉसलाच सांगून टाकलं, "जीतना हारना जो भी है, टाइम पे करो." आठ ओव्हरमध्ये त्यांनी अडुसष्ट केले. आमचे सात ओव्हरला साठ झाले आणि शेवटच्या बॉलला विकेट पडून पप्या आत आला. एक ओव्हर, नऊ रन. समोर बॉलिंगला खुद्द अन्सारभाई. आणि स्ट्राइकला, बाबांची बॅट खांद्यावर घेऊन, निलेश.

पहिला बॉल. बॅट खाली आली तेव्हा बॉल कीपरच्या हातात होता.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. "काय जोरात फिरवली!"

दुसरा बॉल. पुन्हा तेच. निलेशनं मनगट झटकलं, बॅट या हातातून त्या हातात घेतली आणि मांडवाकडे पाहून बाबांना हसून दाखवलं. बाबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

अन्सारभाई बॉल पुसत म्हणाले, "निलेशभाई, बल्ला है या दुकान का शटर?"

चार बॉल, नऊ रन. दुसऱ्या टोकाला पप्या आभाळाकडे बघत उभा. कोणी हललं नव्हतं, कोणी पाणी प्यायलं नव्हतं, आणि आमच्या टीमचे सगळे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले.

बाळादादा स्वतः मांडवात आले. फार नम्रपणे वाकले.

"सूनबाय, ऊन लई हाय. जरा माज्या गाडीत जाऊन बसता का? एसी लावून देतो."

मी मांडवात होते. सावलीत.

बाबा म्हणाले, "जा गं, एवढं म्हणतायत तर."

तिकडे अन्सारभाई रनअपच्या खुणेकडे निघाले होते. निलेश बॅट टेकून उभा होता आणि एवढ्या लांबूनही मला दिसत होतं की त्याचं मनगट सुजलंय. जगनकाकांनी पाण्याची बाटली उघडण्यासाठी माइक टेबलावर ठेवला. वरचा लाल दिवा चालू होता.

मी उठले. माइक उचलला. दोन्ही गोडाऊनच्या पत्र्यांवरून माझा आवाज परत आला तेव्हा तो कोणाचा, हे क्षणभर मलाच कळलं नाही.

"अहो! माझ्या बाबांना क्रिकेटमधलं काहीसुद्धा कळत नाही. ती बॅट खाली ठेवा. तुमची जुनी मी घरून आणलीय, माझ्या खुर्चीखाली आहे, घेऊन जा. अन्सारभाई, एक मिनट रुकिए. आणि बाळादादा, मी कुठेही जाणार नाही. इथेच उभी राहणार आहे!"